उजव्या बाहीचं बटण

"सासऱ्यांना मी मारलं म्हणतात, अक्का. तसं लिहून ठेवलंय."

पोरगी अजून उंबऱ्याच्या आतही आली नव्हती. जळगावच्या एसटीची धूळ तिच्या पदरावर तशीच होती.

नर्मदाअक्कांनी हातातलं गव्हाचं सूप खाली ठेवलं नाही. "आधी चपला काढ. पाणी पी. मग बोल. मेलेला माणूस कुठे पळून जात नाही."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले लोटनभाऊ उठून पाण्याला गेले. लोटनभाऊ म्हणजे अक्कांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, रिटायर हवालदार. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच चोर पकडला होता, तोही भिंतीवरून त्यांच्या अंगावर पडला म्हणून. आता ते रोज चहाला यायचे आणि जेवूनच जायचे.

अक्का स्वतः धुळ्यात एकतीस वर्षं सरकारी नर्स होत्या. शेवटी मोठ्या सिस्टर होऊन निवृत्त झाल्या. पण लोकांनी त्यांना बसू दिलं नाही. कोणाच्या घरात काय लपलंय ते अक्कांना विचारावं, असं त्यांच्या देवपूर भागात सगळ्यांना माहीत होतं. फी म्हणून त्या फक्त खरं बोलणं मागायच्या. ती फार थोड्यांना परवडायची.

मुलीचं नाव यशोधरा. धरणगावच्या बाजूला आरोग्य केंद्रात नर्स. सासरे म्हणजे भिकन मास्तर.

"कोण, ते भाषणवाले?" लोटनभाऊंनी तांब्या पुढे केला. "चोपड्याला मी बंदोबस्ताला होतो त्यांच्या सभेला. खिशात कात्री घेऊन फिरायचे. लोकांच्या हातातले गंडेदोरे स्टेजवर बोलावून कापायचे."

"तेच." यशोधरा पाणी प्यायली नाही. "छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून तेच काम. आमच्या समाजात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता."

मग तिने सांगितलं. मास्तरांच्या हृदयाच्या शिरा तुंबल्या होत्या. धुळ्याच्या खासगी हार्ट हॉस्पिटलात मुंबईचे सर्जन येतात, तिथे बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या दिवसापासून लघवी उतरली नाही. किडन्या बंद. सहाव्या दिवशी मास्तर गेले.

"डॉक्टर आनंदाला म्हणाले, आनंदा म्हणजे माझे मिस्टर, की टेबलावर तुमच्या वडिलांचं बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं. वहीत तर एकशे चोवीस आहे. वही कोणी लिहिली? मी. दोन वर्षं दर रविवारी. झालं. मी घरी बसून मनाने आकडे टाकले, असं ठरलं. परवा रविवारी बाबांचा जलदान विधी आहे. त्यानंतर मी माहेरी जायचं. सोमवारी आनंदाने माझ्याविरुद्ध लिहिलेला अर्ज जिल्हा परिषदेत जाणार. नर्स म्हणून माझं नाव संपलं."

"आणि खरं काय?"

"प्रत्येक आकडा मी मोजलाय." तिने पिशवीतून वही काढली. "नोकरी गेली तर जाऊ दे अक्का. मला एवढंच सांगा, माझ्या हातून काय चुकलं?"

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

वही शाळेची, दोनशे पानी. पहिल्याच पानाला एक चिठ्ठी चिकटवलेली. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची, ब्याण्णव सालची. 'डोळ्यांच्या शिरा जुनं बीपी असल्यासारख्या दिसतात. तपासून घ्यावे.'

"म्हणून मी मोजायला लागले," यशोधरा म्हणाली. "पण कायम नीटच यायचं. बाबा हसायचे. म्हणायचे, डोळ्यांच्या डॉक्टरलाच चष्मा लागलाय."

अक्का पानं उलटत गेल्या. १२४, १२२, १२६. मधेच एका रविवारी नुसती रेघ.

"हे काय?"

"त्या दिवशी मी ड्युटीवर होते. दुसऱ्या कोणाकडून ते मोजून घेत नव्हते."

"बरं." अक्कांनी वही मिटली. "मनाने लिहिणारी बाई रेघ ओढत नाही, लोटनभाऊ. तिला रविवार चुकत नाही. चला, उठा."

"जेवण?"

"मेलेल्या माणसाची लाज धरा."

*

भुलीचे डॉक्टर भामरे अक्कांना बघून खुर्चीतून उठले. शिकत असताना त्यांनी अक्कांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"सिस्टर, मी काही लपवणार नाही." त्यांनी कागद काढला. "आम्ही हृदय थांबवतो. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. त्या वेळी बीपी किती ठेवायचं ते माणसाच्या रोजच्या बीपीवर ठरतं. ज्याचं रोजचं एकशे वीस, त्याला मशीनवर सरासरी साठ पुरतं. ज्याच्या अंगाला एकशे ऐंशीची सवय, त्याला तेवढ्यात भागत नाही. आणि सगळ्यात आधी मार बसतो किडनीला."

"मास्तरांना किती ठेवलं?"

"साठ. वहीवर विश्वास ठेवून."

"टेबलावर एकशे अठ्ठ्याहत्तर दिसलं तेव्हा?"

"वाटलं, भीतीने चढलंय. बहुतेकांचं चढतं. भूल दिली, उतरवलं."

अक्कांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "नाडी अडुसष्ट लिहिलीय. घाबरलेल्या माणसाची?"

"नाडी सावकाश राहावी म्हणून गोळी चालू होती त्यांना."

"असेल." अक्का पुढे वाचत होत्या. "बीपी मोजायची सुई उजव्या मनगटात. तू तर नेहमी डावीकडे घालतोस."

"डावीकडे नाडी नीट लागेना. कधी कधी होतं तसं."

लोटनभाऊंना राहवलं नाही. "किडनी आधीच गेलेली असेल. तो झिपरू आहे ना, मास्तरांचा दोस्त, सातपुड्याकडचा, झाडपाला देतो. काढा पाजला असेल."

"ऑपरेशनच्या सकाळी रक्त तपासलं," भामरे म्हणाले. "किडनी ठणठणीत होती."

"ऑपरेशनआधी तू स्वतः बीपी घेतलंस का?" अक्कांनी विचारलं.

"एकदा. इथेच. एकशे चोवीस आलं. पण एका आकड्याने काय होतं? सकाळी जास्तीची गोळी दिली की तेवढं येतं. वॉर्डात तर सुनेनेच घेतलं. मास्तरांचाच हट्ट होता."

"बघा!" लोटनभाऊ म्हणाले. "म्हणजे हिनेच गोळी दिली."

"लोटनभाऊ, तुमचंही बघून घेऊ. तोंड लाल झालंय. बसा त्या खुर्चीत."

लोटनभाऊ टेबलाशेजारच्या खुर्चीत बसले, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला. एकशे पन्नास आलं. त्यांचा चेहरा पडला. अक्का मात्र आकड्याकडे बघतच नव्हत्या. खुर्चीकडे बघत होत्या.

"मास्तर असेच बसले होते?"

भामरेंनी आठवलं. "नाही. खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. खिडकीचा उजेड डोळ्यावर येतो म्हणाले."

"त्यांचं सामान कोणी नेलं?"

"चष्मा, कवळी, घड्याळ नेलं. एक वस्तू परत आली." भामरेंनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. आत कापलेला काळा दोरा आणि नखाएवढी तांब्याची पेटी. "थिएटरमध्ये अंगावर काही ठेवत नाहीत, म्हणून काढलेलं. पण मास्तरांच्या मिसेस, वच्छलाबाई, म्हणाल्या, हे आमचं नाही. आमच्या घरात असलं कोणी घालत नाही. दुसऱ्या कोणाचं मिसळलं असेल."

"त्या दिवशी दुसरं ऑपरेशन होतं?"

भामरेंनी पाकीट उलटून पाहिलं. "नव्हतं."

"हे पाकीट घेऊन रविवारी जळगावला ये," अक्का म्हणाल्या. "आणि बीपीचं मशीन आण."

*

जळगावच्या घरात ओटीवर सतरंज्या घालून ठेवल्या होत्या. शनिवारची दुपार. ऊन असं, की पत्र्याकडे बघवत नव्हतं.

आनंदा बँकेत कारकून होता. तो बायकोकडे न बघता बोलत होता. "घरात नर्स असून माझा बाप गेला. कोणाला तोंड दाखवू?"

"तू कधी बघितलंस तिला मोजताना?"

"कशाला बघू? विश्वास होता."

"तो कुठे ठेवलास आता?" अक्का म्हणाल्या. आनंदाने खिशातला अर्ज चाचपला, पण बाहेर काढला नाही.

झिपरूआबा ओट्याच्या टोकाला बसले होते. काळे, वाळलेले, डोळे सुजलेले.

"आबा, काढा दिला होता?"

"दिना. खोटं कसाले बोलू? पन म्हैनाभर आधीच बंद करा. मास्तरच बोलना, झिपरू, आते डॉक्टरनं ऐकसू." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मना दोस्त व्हता. नदीवर पवाले जावाचं म्हनं का हा काठवर बशे. कपडा कधी काढा नही. आनि शेवटलं आंग धोवाले गवू, तं वच्छलाबाईनी माले खोलीतून भायेर काढं. एकलीनीच धोयं. शर्ट बी तिनीच घाला."

अक्का आत गेल्या.

वच्छलाबाई मास्तरांच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. ताठ. रडून झालेली बाई अशी बसते, किंवा रडायचं राखून ठेवलेली. खुंटीला मास्तरांचे चार शर्ट. चारही पांढरे, पूर्ण बाहीचे.

"या उन्हात पूर्ण बाही?" अक्कांनी विचारलं.

"हेडमास्तर होते. उघड्या हातांनी फिरायचे नाहीत."

अक्कांनी एक शर्ट हातात घेतला. डाव्या बाहीला वरपर्यंत घड्यांच्या खुणा, बटणाचं काज सैल, दोरे निघालेले. उजवी बाही नवी असल्यासारखी. बटण घट्ट, कफ कडक. त्यांनी शर्ट परत टांगला.

"डावा हात दुखायचा त्यांचा?"

"दुखायचा, गार पडायचा. बादली उचलली की भरून यायचा. हार्टचं दुखणं डाव्या हातात येतं म्हणे. सगळे तेच म्हणाले."

"सगळे तेच म्हणतात," अक्का म्हणाल्या. "बाई, यशोधराने खोटं लिहिलं असं वाटतं तुम्हाला?"

वच्छलाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "डॉक्टर म्हणतात ना आकडा चुकीचा. मग कोणीतरी चुकलं असेल. माझा मालक खोटा नव्हता, एवढं मला माहीत आहे."

"तो खोटा होता असं मी म्हटलंच नाही."



*

रविवारी लोक यायला तासभर होता. आतल्या खोलीत अक्कांनी दार लोटलं. वच्छलाबाई, आनंदा, यशोधरा, डॉक्टर भामरे, झिपरूआबा. लोटनभाऊ दाराला पाठ लावून उभे, हवालदारकीची सवय.

"अर्ज काढ," अक्का आनंदाला म्हणाल्या. "मांडीवर ठेव. शेवटी काय करायचं ते तूच करशील."

आनंदाने कागद काढला.

"यशोधराची वही खरी आहे. टेबलावरचा एकशे अठ्ठ्याहत्तरही खरा आहे."

"दोन्ही कसं खरं?" लोटनभाऊ म्हणाले.

"माणसाला हात किती असतात, लोटनभाऊ?"

भामरेंनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं. बाकीच्यांना नाही.

"मास्तरांची हृदयाची शीर तुंबली होती, तशीच डाव्या हाताला जाणारीही तुंबली होती. नळाच्या पाइपात गाळ बसला तर त्या तोटीला धार बारीक येते, टाकी कितीही भरलेली असो. डाव्या हातात एकशे चोवीस, आणि बाकी साऱ्या अंगात एकशे अठ्ठ्याहत्तर. म्हणून हात गार, बादली उचलली की भरून यायचा. म्हणून डॉक्टरला डावी नाडी लागली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला चष्मा लागला नव्हता. त्याने खरं तेच लिहिलं होतं, पण आपण हसलो."

"पण भीतीने चढलेलं असेल तर?" आनंदा म्हणाला.

"भीतीने चढलेलं उतरवता येतं. हे वर्षानुवर्षांचं होतं. त्यांच्या किडनीला मोठ्या धारेची सवय. वरच्या मजल्याला पाणी चढायला जोर लागतो. डॉक्टरने खालच्या मजल्यापुरता जोर ठेवला. वहीत तळमजलाच लिहिला होता ना. वरचा मजला कोरडा पडला."

यशोधरा पुढे सरकली. "मी कायम डावाच हात घेतला."

"कोणी दिला तो?"

"बाबांनीच. मी यायच्या आधी बाही वर करून बसायचे."

"डॉक्टरकडेही तसंच. त्या खुर्चीत बसलं की टेबलाशी उजवा हात येतो. लोटनभाऊंनी विचार न करता उजवा ठेवला, आणि विचार न करणं त्यांना चांगलं जमतं. मास्तरांनी मात्र खुर्ची वळवली. शर्ट बघा. डावी बाही वर करून करून काज फाटलं, उजव्या बाहीचं बटण घट्टच, ती बाही दोन वर्षांत वर चढली नाही. नदीवर कपडे काढले नाहीत. दुसऱ्या नर्सकडून मोजून घेतलं नाही, ती म्हणाली असती, आजोबा, दुसरा हात द्या. सून मान राखायची, ती म्हणाली नाही."

अक्कांनी हात पुढे केला. भामरेंनी पाकीट त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"त्या दिवशी थिएटरमध्ये एकच माणूस होता. मग हा दोरा कोणाचा?"

आनंदा ताडकन उठला. "शक्य नाही! माझ्या वडिलांनी आयुष्यभर..."

"बस. तुझ्या आजीने मुलाचं नाव भिकन का ठेवलं?"

उत्तर झिपरूआबांकडून आलं, अगदी हळू. "तीन पोरं गयथात त्याना आधी. चौथा भीक मागीसन लिन्हा, म्हनीसन भिकन."

"तीन मुलं मातीत घातलेली आई चौथ्याच्या दंडाला काय बांधते, ते मला बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं दिसलंय." अक्का वच्छलाबाईंकडे वळल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अंग तुम्ही एकट्याने धुतलंत. दंडावर गोरा पट्टा असेल. तो कोणी बघू नये म्हणून."



"दोरा कुजायचा," वच्छलाबाई म्हणाल्या. "दर वर्षी मीच नवा ओवायचे."

"आई!" आनंदा म्हणाला.

"गप बस. तुला काय माहीत." त्या अजून ताठच होत्या. "दीक्षा घेऊन आले तेव्हा सासू म्हणाली, सगळं सोड, मी आडवी येत नाही. हे मात्र मी मेल्यावर काप. ती गेली त्या दिवशी ह्यांनी कात्री घेतली. हजारो लोकांचे कापले त्या कात्रीने. दंडाला लावली, आणि तशीच खाली ठेवली. लहान पोरासारखे रडले. म्हणाले, वच्छला, हे कापलं तर आई दुसऱ्यांदा मरेल." त्यांनी अक्कांच्या हातातली पेटी घेतली, नखाने उघडली. "बघा. आत मंत्र नाही, भस्म नाही. रिकामी आहे. भगताकडे जायचं तर आधीच्या तिघांच्या वेळी जाऊन झालं होतं. सासूने चौथ्याला रिकामीच बांधली. माझा मालक देवाला भ्याला नाही कधी."

पेटी खरंच रिकामी होती. भामरे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी दुसरा हात बघायला हवा होता," ते म्हणाले.

"हवा होता," अक्का म्हणाल्या. "डावी नाडी लागली नाही तेव्हाच."

"आणि मी?" यशोधराने विचारलं. तिला रडू येत नव्हतं. "मी चुकले का, अक्का?"

खोटं बोलून त्या पोरीला हलकं करता आलं असतं. अक्कांनी तसं केलं नाही.

"तू खोटं लिहिलं नाहीस. पण दुसरा हात मागितला नाहीस. दोन्हीत फरक आहे. पहिल्याने नोकरी जाते. दुसऱ्याने झोप जाते, ती हळूहळू परत येते. मला माझे तीन पेशंट अजून आठवतात."

"मी सांगितलं असतं तर..." वच्छलाबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. ताठ पाठ भिंतीला टेकली. "एकदा जरी म्हटलं असतं, सुनेला उजवा हात दाखवा. मला वाटलं, दोरा दिसला तर त्यांचं नाव जाईल. नावासाठी माणूस घालवला मी. आणि पोरीवर आलं तेव्हाही गप्प बसले."

आनंदाने अर्ज फाडला. दोन तुकडे, मग चार. यशोधराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला ते कळलं, आणि अजून बरेच दिवस कळत राहणार होतं.

बाहेर लोक जमले होते. विधी झाला, पंचशील झालं. एक पुढारी उठले, मास्तरांच्या कात्रीबद्दल बोलले. त्यांचं संपलं तशा वच्छलाबाई उठल्या. आनंदाने त्यांचा पदर धरला, त्यांनी सोडवून घेतला.

"माझी सून खोटी नाही," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "तुमच्या मास्तरांच्या दंडाला त्यांच्या आईने बांधलेला एक दोरा होता. तो लपवायला त्यांनी डॉक्टरला उजवा हात दाखवला नाही. त्यात गेले. तुमच्यापैकी कोणाला हसायचं असेल त्याने आत्ता हसावं. उद्या माझ्या दारावरून हसत जाऊ नये."

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्याने आपल्या बाहीवरून हात फिरवला आणि खाली बघितलं.

लोक गेल्यावर लोटनभाऊ सतरंज्या गुंडाळत होते. "अक्का, माझं एकशे पन्नास कोणत्या हाताचं होतं?"

"घरी चला. मीठ बंद करते तुमचं, दोन्ही हातांचं."

वच्छलाबाई मास्तरांच्या पलंगाशी जाऊन बसल्या होत्या. तोंड पांढरंफटक. यशोधराने भामरेंचं मशीन उचललं आणि जवळ जाऊन बसली. सासूने डावा हात पुढे केला. पट्टा बांधला, फुगवला, हवा सोडली. यशोधराने कान लावून ऐकलं, आणि वहीत मास्तरांच्या शेवटच्या आकड्याखाली नवी ओळ लिहिली.

"आता दुसरा द्या, आई," ती म्हणाली.